कॉलेज लायब्ररीत ग्रंथपाल म्हणून नवीन जॉईन होताय? पहिल्या वर्षात काय काय करायचं

ऑर्डर हातात पडते, पेढे वाटून होतात, प्राचार्यांकडे जॉयनिंग रिपोर्ट दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या खुर्चीत बसलं की कळत नाही आता सुरुवात कुठून करायची. एम.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सला) वर्गीकरण शिकलो, सेटला (राज्याच्या पात्रता परीक्षेला) रंगनाथनांची पंचसूत्रं पाठ केली, पण समोर असतात कुलपं लावलेली लोखंडी कपाटं, एक कॉम्प्युटर, दोन-तीन माणसांचा स्टाफ आणि काउंटरवर पोरांची रांग. मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात बरीच वर्षं हे काम करतोय आणि नवीन जॉईन झालेले लोक जे विचारतात तेच इथे क्रमाने लिहितोय. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. इंजिनिअरिंग-मेडिकलचे नियम थोडे वेगळे असतात.

आधी पात्रतेचं, थोडक्यात

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या रेग्युलेशननुसार कॉलेज ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्राची मास्टर्स डिग्री किमान ५५ टक्क्यांनी, आणि सोबत नेट किंवा सेट. नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. असेल तर नेट-सेटमधून सूट मिळते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सातव्या वेतन आयोगात ॲकॅडेमिक लेव्हल १०, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००, असिस्टंट प्रोफेसर इतकंच. हे मुद्दाम सांगतोय कारण बऱ्याच कॉलेजात ग्रंथपालाला ऑफिस स्टाफमध्ये धरायची सवय असते, तुम्ही स्वतः तरी तसं धरू नका. स्टाफ मीटिंगला बसा, विभागांच्या बैठकांना जा, अभ्यासक्रमाबद्दल बोला.

स्टेप १: चार्ज घ्या, पण मोजून घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे म्हणून जरा लांबण लावतोय. जॉईन झाल्यावर आठवड्याभरात कोणीतरी एक कागद पुढे करतं, त्यावर लिहिलेलं असतं एकूण ग्रंथसंख्या अमुक, फर्निचर तमुक, मिळाले, सही. नवीन माणूस भिडेपोटी सही करून टाकतो. मी केली होती. ते माझं पहिलं कॉलेज, कागदावर अठरा हजारांवर पुस्तकं होती, मी एकही कपाट न मोजता सही केली आणि अडीच वर्षांनी ऑडिटच्या वेळी सव्वातीनशे पुस्तकं सापडेनात. ती माझ्या आधीच गेलेली होती हे मला माहीत होतं, आमच्या शिपायाला माहीत होतं, पण कागद माझ्या सहीचा होता. पुढचे चार महिने मी जुनी देवघेव रजिस्टरं उलटत बसलो, रात्री झोप लागत नव्हती.

म्हणून चार्ज रिपोर्टवर "प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून स्वीकारला" असं लिहूनच सही करा आणि त्याच दिवशी प्राचार्यांना अर्ज द्या, की मला ग्रंथ पडताळणीसाठी समिती आणि इतके दिवस मिळावेत. यात कोणाला दुखावण्याचा प्रश्न नाही, जाणाऱ्या माणसाच्याही ते हिताचं असतं. अर्जाची आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या आणि फाईलला लावा.

मोजणी किती वर्षांनी करायची यासाठी केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधला नियम २१५ वाचून ठेवा. त्यात २० हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, २० ते ५० हजार असतील तर तीन वर्षांतून किमान एकदा, आणि त्याहून जास्त असतील तर नमुना पद्धतीने पडताळणी असं सांगितलंय. वर्षभरात दिलेल्या किंवा वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी धरता येतं, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी हवीच. हा नियम केंद्राचा आहे, आपल्याला विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालयाच्या सूचना पाळायच्या असतात, पण मीटिंगमध्ये बोलताना हातात काहीतरी लेखी आधार असला की समोरचा ऐकतो.

स्टेप २: रजिस्टरं शोधा

लायब्ररी म्हणजे कपाटं असं बाहेरच्याला वाटतं, आपल्यासाठी लायब्ररी म्हणजे ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद करायची वही. पहिल्या पंधरा दिवसांत सगळी ॲक्सेशन रजिस्टरं एका टेबलावर आणा. एकच नसतं, जनरलचं वेगळं, बुक बँकेचं (गरजू मुलांना सेमिस्टरभर द्यायच्या पुस्तकांचं) वेगळं, यूजीसी ग्रँटमधून घेतलेल्या पुस्तकांचं वेगळं, भेट आलेल्यांचं कधीकधी चौथं, आणि प्रत्येकाचे नंबर एकपासून सुरू. त्यामुळे ४५२ नंबरची चार पुस्तकं एकाच लायब्ररीत असू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये टाकताना याचा फार घोळ होतो, म्हणून प्रत्येक मालिकेला आधी अक्षर लावून घ्या, बुक बँकेला "बी", यूजीसीला "यू" असं काहीतरी, आणि तेच लेबलवरही लिहा.

रजिस्टरचे नियम साधे आहेत पण मोडले की दुरुस्त होत नाहीत. एका प्रतीला एक नंबर, पाच प्रती आल्या तर पाच नंबर. पुस्तक हरवलं, बाद केलं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, शेऱ्यात निर्लेखनाचा ठराव क्रमांक आणि तारीख लिहायची. व्हाइटनर लावायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून वर बरोबर लिहायचं आणि सही. आणि प्रत्येक बिलावर मागच्या बाजूला "ॲक्सेशन नंबर इतके ते इतके नोंद केली, रजिस्टर पान अमुक" असं लिहून मगच बिल पेमेंटला पाठवायचं. ऑडिटर पहिल्यांदा हेच बघतो.

स्टेप ३: स्टाफशी बसा

अटेंडंट मामांना किंवा मावशींना कमी लेखू नका. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटाच्या मागच्या रांगेत गेलंय, कोणत्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, कोणाकडे सहा वर्षांपासून पुस्तक अडकलंय, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. पहिल्या आठवड्यात चहाला बसा आणि नुसतं ऐका. कामाची पद्धत बदलायची असली तरी लगेच बदलू नका, निदान एक सेमिस्टर बघा.

स्टेप ४: वर्गीकरण आणि मांडणी

आपल्याकडे बहुतेक कॉलेजं ड्युई दशांश पद्धत वापरतात. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, आणि मराठी भाषा ४९१.४६. मराठी विभाग मोठा असेल तर एकट्या ८९१.४६३ खाली दोन-अडीच हजार पुस्तकं जमतात, तेव्हा लेबलवर नंबराखाली आडनावाची पहिली तीन अक्षरं लिहायचा नियम कडक पाळा नाहीतर त्या रांगेत पुस्तक शोधणं अशक्य होतं. आधीच्या ग्रंथपालांनी एखादा विषय वेगळ्या नंबरला टाकला असेल तर लगेच सगळं उपसू नका. तोच नंबर सलग चालू ठेवणं बऱ्याचदा बरं, एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी विभागली की पोरांचे हाल होतात.

मांडणीत माझा आग्रह एकच आहे, मुक्तद्वार पद्धत. म्हणजे मुलांनी स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळावं. "चोऱ्या होतील" हा आक्षेप येतोच. थोडी पुस्तकं जातात हे खरं आहे, पण बंद कपाटात जी पुस्तकं पंधरा-पंधरा वर्षं कोणी उघडली नाहीत त्यांचं काय? सगळी लायब्ररी एकदम उघडायची परवानगी मिळत नसेल तर मराठी साहित्य आणि स्पर्धा परीक्षा या दोन विभागांपासून सुरू करा. दारात एकच ये-जा, बॅगा बाहेर रॅकवर, काउंटर दाराजवळ, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

स्टेप ५: सॉफ्टवेअर, आणि मराठी नोंदींची खरी अडचण

पर्याय मुख्यतः तीन. इन्फ्लिबनेटचं (यूजीसीचं ग्रंथालय-नेटवर्क केंद्र) सोल, एनआयसीचं (केंद्र सरकारची संगणक संस्था) ई-ग्रंथालय, आणि कोहा. कोहा ओपन सोर्स आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालं, त्याला लायसन्सची फी नाही, पण इन्स्टॉल करून सांभाळायला लिनक्स जाणणारा माणूस हवा. तुमच्या जवळपासच्या चार कॉलेजात जे चालतं तेच घेणं शहाणपणाचं, अडलं की फोन करायला माणूस असतो.

आता मराठी नोंदींबद्दल, कारण यावर फारसं कोणी सांगत नाही. पहिलं, टायपिंग फक्त युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाकलेला डेटा दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हं दाखवतो आणि शोधता तर येतच नाही. दुसरं, युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन तऱ्हेने टाईप होतं. "ॲ" हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाकता येतं आणि "अ" वर चंद्र देऊनही काढता येतं, स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, पण कॉम्प्युटरला ती वेगळी. आमच्याकडे एका मुलीने ॲरिस्टॉटलवरचं पुस्तक शोधलं, शून्य निकाल आले, आणि पुस्तक तिच्या मागच्याच कपाटात होतं. डेटा एन्ट्री केलेल्या दोन माणसांनी दोन पद्धतीने टाईप केलं होतं! तेव्हा आधीच एक पानभर नियम लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा, ॲ कसा टाकायचा, "ऱ्या" कसा टाकायचा, आद्याक्षरांमध्ये स्पेस द्यायची की नाही.

तिसरं, लेखकाची नावं. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. टोपणनावांचं एकदाच ठरवून टाका. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच हे तुम्हाला-मला माहीत आहे, बालकवी म्हणजे ठोंबरे हेही, पण सॉफ्टवेअरला आणि कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला माहीत नाही. एका नावाकडून दुसऱ्याकडे "पाहा" अशी जोडणी करून ठेवा.

आणि बॅकअप. रोज घ्यायचा आणि त्याच मशीनवर ठेवायचा नाही. एक प्रत पेनड्राईव्हवर, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, एक ऑनलाईन ड्राईव्हवर. मधूनमधून तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, कारण न उघडणारा बॅकअप असून नसून सारखाच.

स्टेप ६: काउंटर

नवीन ग्रंथपालाने पहिले तीन महिने रोज निदान एक तास स्वतः देवघेव काउंटरवर बसावं असं माझं ठाम मत आहे. केबिनमध्ये बसून काहीच कळत नाही. मुलं येतात आणि म्हणतात, "सर ते निळ्या कव्हरचं इकॉनॉमिक्सचं द्या ना, मागच्या वर्षी माझ्या ताईने नेलेलं." यावर "लेखकाचं नाव सांग" असं तोडून बोललं की तो मुलगा परत येत नाही. वर्ग कोणता, सेमिस्टर कुठलं, पेपरचं नाव काय, कोणत्या मॅडम शिकवतात, असं विचारत गेलं की दोन मिनिटांत पुस्तक सापडतं.

एकदा जुलैमध्ये एक फर्स्ट इयरची मुलगी दाराबाहेर चप्पल काढून बराच वेळ उभी होती, हातात ॲडमिशनची पावती घट्ट धरलेली. मी बाहेर जाऊन विचारलं तर हळूच म्हणाली, "सर, आत बसून वाचायला वेगळे पैसे लागतात का?" तिच्या पावतीवर लायब्ररी फी भरलेली होती. त्या दिवसापासून आमच्या दारावर मोठ्या अक्षरात पाटी आहे, आत या, बसून वाचायला पैसे लागत नाहीत. आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक वर्गाला तीस-तीस जणांच्या गटाने लायब्ररीत आणून फिरवतो, बीटी कार्ड (पुस्तक घरी न्यायचं कार्ड) कसं मिळतं, पुस्तक किती दिवस ठेवता येतं, दंड किती, कॅटलॉगवर शोधायचं कसं, हे सगळं दाखवतो. वर्गात जाऊन पीपीटी दाखवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं.

मुलांना सगळ्यात जास्त काय लागतं तर मागच्या परीक्षांचे पेपर. ते विषयवार फायलीत लावा, स्कॅन करा, क्यूआर कोड काढून नोटीस बोर्डावर लावा. पेपरसाठी आलेला मुलगा हळूहळू पुस्तकाकडे वळतो हे मी अनेकदा पाहिलंय. बुक बँकेची योजनाही वर्गावर्गात जाऊन सांगा, गरजू मुलांना सेमिस्टरभर पूर्ण सेट मिळतो हे अर्ध्या मुलांना ठाऊकच नसतं.

स्टेप ७: खरेदी

बजेट लायब्ररी कमिटीतून जातं आणि मग कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीकडे (२०१६ च्या विद्यापीठ कायद्यातली समिती). विभागांकडून मागण्या लेखीच घ्या, विभागप्रमुखांच्या सहीने. तोंडी मागण्यांवर पुस्तकं आणली की नंतर "मी सांगितलंच नव्हतं" ऐकावं लागतं. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम आलेत, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली असे पेपर, त्यामुळे जुन्या पॅटर्नच्या गाईडवजा पुस्तकांच्या वीस-वीस प्रती आता घेऊ नका. सिलॅबसचं पीडीएफ विद्यापीठाच्या साईटवरून काढा, संदर्भग्रंथांची यादी कॅटलॉगशी ताडून बघा आणि जे नाही त्याचीच मागणी पुढे न्या.

किमान तीन कोटेशन, कमिशनचा दर लेखी, आणि पार्सल आलं की प्रत्येक पुस्तक उघडून बघायचं. कोरी पानं, उलट बाइंडिंग, जुनी आवृत्ती नवीन जॅकेटमध्ये, हे सगळं निघतं. शिक्का मारायच्या आधी बघा, शिक्का पडला की विक्रेता परत घेत नाही. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यासाठी सगळं बजेट ठेवू नका, त्या घाईत जी पुस्तकं येतात ती कपाटातच राहतात.

स्टेप ८: ई-रिसोर्स

इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचं सभासदत्व कॉलेजला वर्षाला अगदी थोडक्या फीत मिळतं आणि हजारो ई-जर्नल्स, लाखाच्या वर ई-बुक्स उघडतात. पण नुसतं सभासदत्व घेऊन उपयोग नाही, प्रत्येक प्राध्यापकाचं आणि पीजीच्या मुलांचं लॉगिन तयार करून, समोर बसवून एकदा उघडून द्यावं लागतं. केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ती सरकारी संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज शासकीय असेल तर नाव यादीत आहे का ते तपासा. फुकटातलं म्हणाल तर नॅशनल डिजिटल लायब्ररी, शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह) आणि ऑनलाईन मराठी विश्वकोश, या तिन्हींच्या लिंक कॅटलॉगच्या कॉम्प्युटरवर ठेवा. प्राध्यापक अजूनही "हे जर्नल यूजीसी-केअरमध्ये आहे का" विचारतात, त्यांना सांगा की मान्य जर्नल्सची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता जर्नल स्वतः पारखून घ्यावं लागतं, आणि त्यात मदत करणं आपलं काम आहे.

स्टेप ९: नॅकची फाईल आजपासून

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) २०१७ नंतरच्या मॅन्युअलमध्ये चौथ्या निकषात ४.२ हा भाग लायब्ररीचा होता, ऑटोमेशन, ई-रिसोर्सचं सभासदत्व, पुस्तकं-जर्नलवरचा वर्षाचा खर्च, आणि रोजचा वापर. पद्धत आता बदलतेय, पण मागणार हीच माहिती. म्हणून येणाऱ्यांची नोंद रोजची रोज, खर्चाचा तक्ता दर एप्रिलमध्ये ऑडिट स्टेटमेंटशी जुळवून, आणि १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांचे फोटो तारखेसह. पाच वर्षांच्या नोंदी एका रात्रीत लिहून काढायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. खोटी नोंद एकदा रजिस्टरात शिरली की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो.

स्टेप १०: पावसाळा आणि उन्हाळा

कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल तर मे महिन्यातच छत आणि खिडक्या बघून घ्या, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सगळ्यात खालच्या कप्प्यात जाड, जुने, दुर्मीळ ग्रंथ ठेवू नका. पुस्तक भिजलं तर कडक उन्हात टाकायचं नाही, पानं वाकडी होतात आणि बाइंडिंग सुटतं, उभं करून, पानांमध्ये थोडे थोडे टिपकागद घालून पंख्याखाली वाळवायचं. कसर आणि वाळवीसाठी कपाटं दर महिन्याला उघडणं हाच सगळ्यात चांगला उपाय, वाळवीच्या मातीच्या रेघा भिंतीवर दिसल्या की त्याच दिवशी ऑफिसला लेखी कळवा आणि पेस्ट कंट्रोल करून घ्या.

मे महिन्यात मुलं नसतात तेव्हा मोजणी करा. दोघं जण एका कपाटाला, एक नंबर वाचतो, दुसरा स्कॅन करतो किंवा टिक मारतो, आणि एक कपाट पूर्ण झाल्याशिवाय जेवायला उठायचं नाही. न सापडलेल्यांची यादी काढून आधी बाइंडिंगचा गठ्ठा, मग विभागांतली कपाटं, मग प्राध्यापकांची खाती तपासा, यादीतली बरीचशी पुस्तकं तिथेच निघतात. उरलेल्यांचं टिपण लायब्ररी कमिटीपुढे ठेवा. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बीटी कार्डं छापायला टाकून द्या, ॲडमिशन सुरू झाले की गावातला प्रेसवाला तीन-तीन आठवडे हाती लागत नाही.